शैलाताईंनी मॅच बघायची नाही

कॉव्हेंट्रीतल्या त्या घरात नियम म्हणाल तर तीनच. चपला दाराशी काढायच्या, ओला टॉवेल पलंगावर टाकायचा नाही, आणि विल्बरी टाउनची मॅच चालू असताना शैलाताईंनी पुढच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. पहिले दोन नियम डॉक्टर शशिधर स्वतःच रोज मोडायचे. तिसऱ्याला मात्र माफी नव्हती. तो नियम त्यांनीच केलेला, तेच त्याचे पोलीस आणि तेच न्यायाधीश.

विल्बरी टाउन म्हणजे जगभर टीव्हीवर झळकणारी फुटबॉलची टीम, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं ते डोक्यातून काढून टाकावं. शहराच्या कडेला, टायरच्या एका गोदामामागे तिचं ग्राउंड. एका बाजूला पत्र्याचं छप्पर, दुसऱ्या बाजूला नुसतं आभाळ. खेळणाऱ्यांतले निम्मे लोक आठवडाभर कुठे कुठे नोकऱ्या करणारे. मिरजेहून हाडांचे डॉक्टर म्हणून तरुणपणी इथे आलेले शशिधर एका शनिवारी हॉस्पिटलमधल्या सहकाऱ्याबरोबर सहज तिथे गेले आणि कायमचे अडकले. एवढ्या मोठमोठ्या टीम सोडून या माणसाचा जीव जडला तो कुणावर, तर या असल्यांवर! बरं, जडला तो असा की टीम हरली की रविवारचं जेवण त्यांना बेचव लागायचं, आणि खापर फुटायचं वरणाच्या फोडणीवर.

नियमाचं मूळ मात्र मिरजेतलं. त्यांच्या घरी रेडिओवर क्रिकेटची मॅच लागली आणि आपल्या फलंदाजांची जोडी जमली, की जो जिथे असेल त्यानं तिथेच राहायचं. हललात तर विकेट पडली म्हणून समजा. एकदा त्यांचे एक काका दात घासता घासता मोरीच्या दारात स्कोअर ऐकायला थांबले, ते लंच होईपर्यंत तोंडात ब्रश धरून तिथेच उभे. पुढे एमबीबीएस झालं, एफआरसीएस झालं, माणसाची हाडं कापून जोडायला शिकले. पण हे डोक्यातून गेलं नाही. विमानात सगळं सामान वजन करून घेतात, हे कोण वजन करणार?

लग्न होऊन शैलाताई आल्या त्या हिवाळ्यात नवऱ्याबरोबर हौसेनं ग्राउंडवर गेल्या. साडी, तिच्यावर दोन स्वेटर, त्यावर नवऱ्याचा ओव्हरकोट आणि हातात चहाचा थर्मास. विल्बरी दोन गोलनी पुढे होती. शैलाताईंनी थर्मासचं झाकण फिरवलं आणि पहिला गोल बसला. चहा संपेपर्यंत तीन बसले होते. पुढच्या वेळी त्या गेल्या तेव्हाही टीम हरली. त्याच्या पुढच्या वेळी तर त्या गेल्याच नव्हत्या. घरी रेडिओ चालू होता आणि त्यांनी ‘काय झालं हो?’ म्हणून दारातून नुसतं डोकावलं. शशिधरांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि म्हणाले, “शैला, तू आत येऊ नकोस. कृपा कर.” झालं, त्या दिवशी कायदा पास झाला.

आधी ती घरातली गंमत होती. मग ती महाराष्ट्र मंडळात पोचली, आणि मंडळात पोचलेली गोष्ट लीड्सपासून लंडनच्या पिनरपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागतो! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भूलतज्ज्ञ जयंत भर हॉलमध्ये म्हणाला, “वहिनी, पाय दाखवा बघू. पांढरा आहे की काय?” सगळे पोट धरून हसले. सगळ्यांत मोठ्यानं शैलाताई हसल्या. हसणार नाहीत तर काय करतील? हातात तिळगुळाचं ताट होतं आणि अजून अर्धा हॉल बाकी होता.

त्यांनी मॅचच्या वेळा सत्कारणी लावल्या. चिवडे केले, गुलाब छाटले, साताऱ्याच्या बहिणीशी फोनवर गप्पा मारल्या. कौन्सिलच्या लायब्ररीत नोकरी केली, मुलगी वाढवली, घर हसतं ठेवलं. बाई तशी खमकी. लायब्ररीत आवाज करणाऱ्या सहा फुटी पोरांना नुसत्या नजरेनं गप्प करायची. पण चेष्टा रोज रोज कानावर पडली की ती कधी आत उतरते ते कळत नाही. शैलाताईंची आई आजारी पडली तेव्हा त्या तडकाफडकी साताऱ्याला गेल्या. आई बरी होत चालली आहे, असं डॉक्टर सांगत होते. शैलाताई पोचल्या, आईनं डोळे भरून लेकीला पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आई गेली. कुणी एक अक्षर बोललं नाही. कुणाच्या मनातही आलं नसेल. पण शैलाताईंनी तिथे ओसरीवर बसून मनातल्या मनात हिशेब मांडला, आणि तो त्यांना बरोबर जुळलेला वाटला.

त्यानंतर लेकीची, वैभवीची ड्रायव्हिंग टेस्ट असो, मेडिकलचा इंटरव्ह्यू असो, त्या खिडकीतसुद्धा उभ्या राहिल्या नाहीत. लोकांना वाटायचं, किती निवांत बाई आहे.

वैभवी आता लीड्सला हॉस्पिटलात रजिस्ट्रार डॉक्टर होती. तिचा नवरा सुश्रुत पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, नोकरीनिमित्त मधे काही वर्षं अमेरिकेत राहिलेला आणि तिथून बेसबॉलचं वेड घेऊन आलेला. सासऱ्या-जावयांची जुंपायची ती यावरूनच. यंदा एप्रिलमध्ये विल्बरी पाचव्या नंबरवर होती. पहिला नंबर सरळ वरच्या डिव्हिजनमध्ये जाणार. दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतच्या चार टीम प्लेऑफ खेळणार आणि त्यांतली एक वर जाणार. इतक्या वर्षांत विल्बरी पाचव्या नंबरच्या वाऱ्याला उभी राहिली नव्हती. आणि नेमकं तेव्हाच गोलकीपरनं बोट मोडून घेतलं, आणि ज्या क्लबकडून स्ट्रायकर उसना आणला होता त्यांनी तो परत बोलावला.

“बेसबॉलमध्ये हे रोजचंच आहे, बाबा,” ईस्टरला आलेला सुश्रुत म्हणाला. “एक प्लेअर दुखावला की त्याला इंजर्ड लिस्टवर टाकतात, खालच्या टीममधून दुसऱ्याला वर बोलावतात. कुणाचा फॉर्म गेला की त्याला खाली धाडतात. सकाळी उठून रोस्टर बघायचा, आज कोण आहे आणि कोण नाही.”

“हा खेळ आहे की झेडपीचं बदली खातं?” शशिधर म्हणाले. सगळे हसले. शैलाताई पुरणपोळीला तूप लावत होत्या, त्याही हसल्या. पण त्यांचं लक्ष नवऱ्याच्या हाताकडे होतं. हसताना त्यांनी हात छातीवर धरला होता.

तसं तर तो सबंध महिना त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. दर शनिवारी ग्राउंडवर जाणारा माणूस घरी लॅपटॉपवर मॅच बघायला लागला. का, तर म्हणे गुडघा दुखतो. आयुष्यभर दुसऱ्यांचे गुडघे बदलणाऱ्या माणसाचा गुडघा दुखतो, हे शैलाताईंना पटण्यासारखं होतं; पण गुडघा दुखणारा माणूस जिन्यात मध्येच थांबून दम खात नाही. त्यांनी विचारलं तर, “वय झालं, शैला,” एवढंच. पुन्हा विचारलं तर, “सीझन संपू दे, मग दाखवतो कुणाला तरी.” सीझन संपू दे! म्हणजे छातीनंसुद्धा प्लेऑफचं वेळापत्रक बघून दुखायचं.

लीगची शेवटची मॅच शनिवारी दुपारी होती. जिंकले तर प्लेऑफ, नाहीतर पुढच्या वर्षी भेटू. शैलाताई नियमाप्रमाणे किचनमध्ये. कोथिंबीर निवडायला घेतली होती, पण कान पुढच्या खोलीकडे. पहिल्या हाफमध्ये शशिधरांची ओरड ऐकू आली. गोल झाला होता, आणि आपला झाला होता. त्यानंतर रेफ्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू झाला. सगळं कसं ठीकठाक चाललं होतं.

मग तो उद्धार थांबला. लॅपटॉपवर बोलणारा माणूस बोलत होता, पण शशिधरांचा आवाज येईना. शैलाताई हात पुसत उठल्या आणि दाराशी गेल्या. “अहो?” उत्तर नाही. मग थोड्या वेळानं, हळूच, “आत येऊ नकोस. एक-शून्य आहे.”

आवाज बरा नव्हता. शैलाताईंचा हात दाराच्या मुठीवर होता. मूठ फिरवली असती तर दार उघडलं असतं, त्यात काय मोठं! पण इतकी वर्षं न फिरवलेली मूठ होती ती. आत गेले आणि गोल बसला तर? हरले तर यांना आज ते सोसेल का? त्या उभ्या राहिल्या. परत हाक मारली, परत तेच उत्तर. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा त्यांनी दार ढकललं. शशिधर सोफ्यावर राखेच्या रंगाचे होऊन बसले होते, शर्ट घामानं चिकटलेला, डावा हात उजव्या हातात धरलेला. “जिंकलो,” ते म्हणाले. “उठलो असतो तर गेली होती मॅच.”

दुखत असताना हा माणूस जागचा हलला नव्हता, आणि ही बाई दाराबाहेर थांबली होती. शहाणी माणसं दोघं! आता रागवायचं तरी कुणावर?

अँब्युलन्स आली. शैलाताई बरोबर गेल्या. इमर्जन्सीमध्ये शशिधरांना ताबडतोब आत घेतलं आणि शैलाताईंना पायाशी एक खुर्ची दिली. त्या मॉनिटरकडे बघत बसल्या. हिरवी रेघ वरखाली जात होती आणि त्या तिच्यावरून नजर काढत नव्हत्या. आणि बघता बघता ती रेघ वेडीवाकडी झाली, कसला तरी भोंगा वाजायला लागला, पाच-सहा जणं धावत आली. “बाहेर थांबता का, लव्ह?” म्हणत एका नर्सनं त्यांना खांद्याला धरून पडद्याबाहेर नेलं. त्या बाहेर गेल्या आणि भोंगा थांबला. नर्स परत येऊन म्हणाली, “आता स्थिर आहेत.”

शैलाताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना कुणी काही समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

तपासण्या झाल्या. तीन नळ्या तुंबलेल्या होत्या. बायपास करावी लागणार होती, आणि तोवर वॉर्डातच ठेवणार होते. ऑपरेशनचा दिवस ठरला गुरुवार. वैभवी आणि सुश्रुत रजा काढून लीड्सहून आले. आणि त्या दिवसापासून शैलाताईंना सर्दी झाली.

म्हणजे काय, शिंक नाही की खोकला नाही, पण सर्दी. “हार्टच्या वॉर्डात सर्दी घेऊन कसं जाऊ? इन्फेक्शन नको बाई.” रोज सकाळी त्या हॉस्पिटलमध्ये यायच्या, मऊ भाताचा डबा आणायच्या, आणि खालच्या कॅफेत एकच चहा पुढ्यात घेऊन संध्याकाळपर्यंत बसायच्या. डबा वैभवी वर न्यायची. ती खाली आली की शैलाताई विचारायच्या: जेवले का? झोप लागली का? बीपी किती आहे? रंग कसा आहे? नख निळं दिसतंय का? एवढं सगळं विचारायचं आणि लिफ्टकडे मात्र पाठ करून बसायचं.

वैभवी एक दिवस वैतागली. “आई, तुझा सर्दी कसला आहे? मी डॉक्टर आहे. तुला काही नाही झाला. बाबा रोज विचारतात, तू कुठे आहे.”

“काय म्हणतात?”

“ते म्हणतात, तू रागावली आहे. त्यांनी छातीचं लपवलं म्हणून. आई, दे आर क्रॅकिंग हिज चेस्ट ओपन ऑन थर्सडे. तू एकदा तरी भेटणार की नाही?”

शैलाताईंनी चहाचा कप उगाचच या बाजूचा त्या बाजूला केला. लेकीला काय सांगायचं? लंडनला शिकलेली पोर, ती म्हणेल आईचं डोकं फिरलं. सांगितलंच तर ती हाताला धरून वर नेईल, आणि नेल्यावर काही झालं म्हणजे? “माझी आई गं, मला घसा दुखतोय,” त्या म्हणाल्या, आणि थंड झालेला चहा पुन्हा पुढ्यात ओढला.

बुधवारी संध्याकाळी प्लेऑफची सेमीफायनल होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलंच ऑपरेशन शशिधरांचं. वॉर्डाच्या सिस्टरनं मॅच बघायला परवानगी दिली, मात्र अट घातली की ओरडायचं नाही आणि मॉनिटर वाजला की फोन बंद. सिस्टर बिचारी विल्बरीचीच. तिनं भेटीची वेळ संपली तरी घरच्यांना बसू देईन म्हणून सांगितलं. सुश्रुतनं फोन पाण्याच्या जगला टेकवून उभा केला.

“मला बेसबॉलवाल्यांसारखं इंजर्ड लिस्टवर टाकलंय रे,” शशिधर त्याला म्हणाले. “माझ्या जागी कुणाला वर बोलावताय?” सुश्रुत हसला नाही. शशिधर फोनकडे बघतच पुढे म्हणाले, “तुझ्या सासूबाई काही आल्या नाहीत. उद्या मी परत नाही आलो तर हा राग घेऊन बसेल ती जन्मभर. तिला म्हणावं, मी लपवलं ते चुकलं माझं.”

सुश्रुतला राहवलं नाही. तो खाली जायला निघाला आणि वॉर्डाच्या दाराबाहेर पडतो तोच त्याला कॉरिडॉरमध्ये शैलाताई दिसल्या. कॅफे बंद झाला म्हणून त्या वर आल्या होत्या, पण दाराच्या काचेकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. एखाद्या शाळकरी पोरीला शिक्षा केल्यासारखं ते दिसत होतं. तो शेजारी जाऊन उभा राहिला.

“आई, बाबांना वाटतंय तुम्ही रागावलाय.”

“वेडे आहेत.”

“मग आत का येत नाही?”

शैलाताई भिंतीकडे बघतच म्हणाल्या, “स्कोअर काय आहे?”

“एक-शून्य. आपण पुढे आहोत.”

“बघ म्हणजे,” त्या म्हणाल्या. “मी बाहेर आहे म्हणून.”

सुश्रुतला आधी हसू आलं. हे त्यानं लग्नापासून ऐकलं होतं, त्यानंही दोनचारदा ही चेष्टा केली होती. मग त्यानं शैलाताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू जिथल्या तिथे विरलं. त्या रडत होत्या. आवाज नाही, काही नाही, नुसत्या रडत होत्या.

“मी बघितलं की वाईट होतं रे. आईच्या वेळी बघितलं. त्या दिवशी खाली, मशीनकडे बघत होते तर यांचं हृदय थांबायला आलं, आणि मला बाहेर काढल्यावर चालू झालं. नर्सच म्हणाली. उद्या मोठं ऑपरेशन आहे, सुश्रुत. मला नको ना आत नेऊ. ते गेले तर मी काय करू? त्यांना सांग मला सर्दी झालीय.”

सुश्रुतनं ते सांगितलं नाही. तो आत गेला आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं सासऱ्यांच्या कानावर घातलं. शशिधर फोनकडे बघत होते. विल्बरी कॉर्नर घेत होती. कॉर्नर काय झाला, कुणी घेतला, हे त्यांनी पाहिलं नाही.

“शैला!” ते ओरडले. अख्खा वॉर्ड दचकला. समोरच्या पलंगावरचे म्हातारे गृहस्थ उठून बसले. सिस्टर धावत आली, “डॉक्टर, प्लीज, आपलं काय ठरलं होतं?” शशिधरांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. “शैला! आत ये! नाहीतर या सगळ्या वायरी उपटून मी बाहेर येतो!”

दार उघडलं. शैलाताई आत आल्या त्या मान खाली घालून, फरशी बघत. पलंगाजवळ येऊनही वर बघेनात. शनिवारपासून त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला नव्हता.

“वर बघ.”

“नको.”

“कुठल्या गाढवानं तुझ्या डोक्यात भरवलं हे?” शशिधर संतापून म्हणाले.

“तुम्हीच,” शैलाताई म्हणाल्या.

वैभवी खुर्चीवरून उठली होती ती उभीच राहिली. मॉनिटर टिकटिक करत होता आणि फोनमधले लोक गात होते. हे शब्द लागायचे तिथे लागले. शशिधरांना ती पहिली मॅच आठवली असेल, जयंतचा पांढरा पाय आठवला असेल, साताऱ्याहून परत आलेली बायको आठवली असेल, जी महिनाभर कुणाशी बोलली नव्हती आणि आपण समजलो होतो की दुःख आहे, होईल कमी. बराच वेळ ते नुसते तिच्या डोक्यावरच्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिले.

“मग त्या गाढवाचं इतकी वर्षं ऐकलंस कशाला?” ते शेवटी म्हणाले. आवाज अगदी खाली आला होता. त्यांनी हात पुढे केला आणि शैलाताईंचं मनगट धरलं. “बस इथे. माझ्याजवळ. आणि बघ.”

शैलाताई पलंगाच्या कडेवर टेकल्या. वर बघितलं. आधी नवऱ्याकडे. किती वाळले होते! मग भीतभीत मॉनिटरकडे. मग, त्यांनी हात ओढूनच दाखवलं म्हणून, फोनकडे.

आणि नशीब तरी किती दुष्ट असावं माणसाचं! त्या बघायला लागल्या त्याला पाच मिनिटं झाली नसतील, त्या नव्या गोलकीपरच्या हातातून बॉल निसटला आणि एक-एक झालं. शैलाताई ताडकन उठल्या. “मी जाते बाहेर. मी म्हटलं होतं ना. अहो, सोडा मला.”

“बस.”

“अजून वेळ आहे, मी गेले तर जिंकतील.”

“बस म्हणतो ना! हरू दे त्यांना.”

वैभवीनं बापाकडे असं पाहिलं की जणू कुणी परका माणूस पलंगावर आणून झोपवलाय. हे वाक्य या माणसाच्या तोंडून निघू शकतं, हेच तिला माहीत नव्हतं. शशिधरांनी मनगट सोडलं नाही. दुसरा गोल बसला तेव्हा शैलाताईंनी डोळे मिटून घेतले, तर ते म्हणाले, “डोळे उघड.” तिसरा बसला तेव्हा समोरचे म्हातारे गृहस्थ, ज्यांना कशाचाही पत्ता नव्हता, ते इतकंच म्हणाले की गोलकीपर बदलायला हवा होता.

एक-तीन. शेवटची शिट्टी वाजली. संपला सीझन, संपली प्लेऑफची आशा, आता पुन्हा कधी पाचवा नंबर लागेल ते देवाला ठाऊक. शशिधरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खोटं कशाला सांगा, ते थोडं टीमसाठीही होतं. शैलाताईंना टीमचं काही पडलं नव्हतं. त्या मॉनिटरच्या हिरव्या रेघेकडे टक लावून बघत होत्या. भोंगा कधी वाजतो म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला होता. रेघ आपली चालली होती. त्यांचं स्वतःचं हृदय मात्र इतकं जोरात धडधडत होतं की सिस्टरनं त्यांनाच खुर्ची आणून दिली आणि पाणी पाजलं.

“उद्या सकाळी मला न्यायला येतील,” शशिधर म्हणाले. “तेव्हा सर्दी-बिर्दी काही नको. बरोबर यायचं, शेवटच्या दारापर्यंत. आणि सबंध वेळ माझ्याकडे बघायचं. फरशीकडे नाही.”

“आणि काही झालं तर?”

“मला भीती वाटते, शैला,” शशिधर म्हणाले. हे त्यांनी आधी कधी म्हटलं नव्हतं, लग्नातही नाही आणि मुलगी झाली तेव्हाही नाही. “काय व्हायचं ते होईल. पण तू तिकडे तोंड करून उभी असशील, तर मी कुणाकडे बघत जाऊ?”

त्या रात्री शैलाताईंना झोप लागली नसणार, हे सांगायला नको. सकाळी त्या आल्या तेव्हा इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. पोर्टरनं पलंगाचे ब्रेक काढले. वैभवी पुढे, सुश्रुत मागे आणि शैलाताई बाजूनं, पलंगाच्या दांडीला धरून. कॉरिडॉर लांब होता आणि मध्ये लिफ्ट होती. लिफ्टमध्ये कुणीतरी मध्ये आलं तर शैलाताईंनी मान वाकडी करून त्याच्या खांद्यावरून बघितलं. चालता चालता त्यांचा पाय एका ट्रॉलीला अडखळला, तरी त्यांनी खाली पाहिलं नाही. मनात एक आवाज सारखा ओरडत होता, नको बघूस, नको बघूस, आणि तो आवाज ओरडत असतानाच त्या बघत होत्या.

दुहेरी दाराशी पोर्टर थांबला. “इथपर्यंतच, मॅडम.”

शशिधरांनी उशीवरून मान वळवली. चष्मा वैभवीकडे दिलेला असल्यानं त्यांना शैलाताईंचा चेहरा धूसरच दिसत असणार.

“बघते आहेस ना?” त्यांनी विचारलं.

“बघतेय,” शैलाताई म्हणाल्या. “जा तुम्ही. मी बघतेय.”